हिवाळी सामने आणि शाळेचा अभिमान

यवतमाळ जिल्ह्यात खेळांचा ऋतू कोणता, हे पंचांगापेक्षा जमीनच अधिक खात्रीने सांगते. आमची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते व चालणाऱ्याच्या पायास चिकटून बसते. उन्हाळ्यात वाळून तिला अशा भेगा पडतात की त्यांत लहान मुलाचा पाय सहज अडकावा. मैदान मैदानासारखे राहते ते दिवाळीपासून होळीपर्यंत. त्या चार महिन्यांत कापसाची वेचणी चालू असते, ज्वारीचा हुरडा येतो, सकाळी बोटे गारठतात. आणि त्याच दिवसांत शाळांची स्नेहसंमेलने व सामने उरकून घ्यावयाचे असतात. पुढे परीक्षा, तिच्या मागोमाग ऊन.

अशाच एका पौषातील गोष्ट आम्हांस पन्नाशी उलटली तरी विसरता येत नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर शेजारच्या तालुक्यातील शाळेशी कबड्डीचा सामना होता. यजमान आम्ही, मैदान आमचे, टाळ्या वाजविणारी मुलेही आमचीच; आणि इतके असून आमचा दारुण पराभव झाला. आम्ही तोंडे लपवून घरी पळण्याच्या बेतात होतो, तोच खेळाच्या मास्तरांनी सर्वांस थांबविले व जिंकलेल्या पाहुण्यांस चहा आणि चिवडा आम्ही सातांनीच वाढावा, असा हुकूम केला. अंगाला माती, गुडघे सोललेले, डोळ्यांत पाणी, आणि हातात चहाची किटली! त्या दिवशी त्या मास्तरांचा आम्हांस विलक्षण राग आला. शाळेचा अभिमान म्हणून जी वस्तू आहे, ती त्यांस ठाऊकच नाही असे आम्ही आपसांत म्हटले. ती वस्तू त्यांस आमच्यापेक्षा बरीच अधिक ठाऊक होती, हे कळावयास आम्हांस पुष्कळ वर्षे व थोडाबहुत इतिहास वाचावा लागला. त्या वाचनाचा सारांश वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

कुळाचा अभिमान, गावाचा अभिमान, गुरूचा अभिमान या गोष्टी आपल्याकडे पुरातन आहेत. शाळेचा अभिमान मात्र अर्वाचीन आहे. इंग्रजी अमदानीपूर्वी बलोपासनेचे स्थान म्हणजे तालीम अथवा आखाडा. तेथे लाल माती, कोपऱ्यात मारुती, आणि सर्वांवर वस्तादाची नजर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास पुन्हा ऊर्जितावस्था आणली, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. आणि तिच्या सांगण्यातही जोर कशावर असतो, तर त्या एका पुरुषावर. कुस्तीच्या फडात उतरणारा मल्ल हा अमक्या वस्तादाचा पठ्ठा म्हणून ओळखला जाई. त्याची निष्ठा उत्कट असे, यात शंका नाही. परंतु ती एका व्यक्तीभोवती गुंफलेली असे. वस्ताद गेला की तालीम बहुधा ओस पडे. शिवाय कुस्ती ही एकट्याची एकट्याशी. पाठीमागे सारा गाव ओरडत असला तरी मातीत पाठ लागते ती एकाचीच.

या जुन्या निष्ठेस संस्थेचे रूप देण्याचा मोठा प्रयत्न आमच्या वऱ्हाडातच झाला. अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. दैवत तेच राहिले, माती तीच राहिली. परंतु वस्तादाच्या जागी मंडळ आले, शिक्षणक्रम आला, शिक्षक तयार करण्याची योजना आली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा याच मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. अमरावतीहून निघालेली वऱ्हाडी माणसे बर्लिनच्या मैदानावर हुतुतू घालतात, ही कल्पनाच त्या काळच्या वाचकास रोमांचकारी वाटली असल्यास नवल नाही. आमच्या जिल्ह्यातील शाळांत हुतुतू व खोखो यांस जी प्रतिष्ठा आली, तिच्या मागे अमरावतीचा हा वारा होता.

तथापि, एका शाळेने दुसऱ्या शाळेशी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नियमांनी सामना खेळावा, आणि त्यात सर्व विद्यार्थ्यांनी आपली अब्रू गुंतलेली मानावी, ही पद्धत आखाड्यातून आलेली नाही. तिचा उगम पाहावयाचा तर दृष्टी जरा लांब न्यावी लागते.

सोळाव्या शतकात युरोपात इग्नेशियस लोयोला याने स्थापिलेल्या जेझुइट संघाने शाळा काढण्याचे काम मोठ्या नेटाने हाती घेतले. १५९९ साली या संघाने आपल्या सर्व शाळांसाठी एक विस्तृत शिक्षणसंहिता प्रसिद्ध केली. मुलाने अभ्यास करावा तो छडीच्या भयापेक्षा बरोबरीच्यांशी असलेल्या निर्मळ चढाओढीने, हे तिच्यातील एक मुख्य सूत्र होते. एकेका वर्गाचे दोन तट पाडीत. एकास रोमन म्हणत, दुसऱ्यास कार्थेजियन. लॅटिन व्याकरणात एक चुकला की त्याची चूक त्याच्या तटाच्या खात्यावर पडे. यात मजा अशी की, ही लढाई फळ्यापुढची होती. मैदानाशी तिचा संबंध नव्हता. परंतु आपल्या चुकीने आपले सोबती खाली जातात व आपल्या श्रमाने ते वर येतात, हा जो धडा पुढे खेळाने दिला, त्याची बाराखडी जेझुइटांनी अशी व्याकरणाच्या तासाला गिरविली होती.

मैदानाची भर घातली ती इंग्रजांनी. रग्बी येथील शाळेचे सुप्रसिद्ध मुख्याध्यापक थॉमस आर्नल्ड यांचे नाव या संबंधात नेहमी घेतले जाते. ते १८२८ साली त्या शाळेवर आले. पण त्यांस स्वतःस खेळांची फारशी मातबरी वाटत नसे. त्यांच्या शाळेचे खेळांनी भरलेले जे चित्र जगाच्या डोळ्यांपुढे आले, ते त्यांचे विद्यार्थी थॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या कादंबरीमुळे. त्यानंतरच्या पिढीत इंग्रजी निवासी शाळांतून खेळ ही जवळजवळ उपासनाच होऊन बसली. त्या उपासनेचा कळस पाहावयाचा तर १८९९ सालच्या जून महिन्यात क्लिफ्टन कॉलेजात चला. तेथे दोन वसतिगृहांच्या धाकट्या मुलांचा क्रिकेटचा सामना चालला होता, आणि त्यात कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद ६२८ धावा काढल्या. हा मुलगा आपल्याच देशात, हजारीबागेस जन्मलेला. १९१४ साली, पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात, तो रणांगणावर पडला. त्याची धावसंख्या मात्र शंभराहून अधिक वर्षे अभंग राहिली. ती शेवटी मोडली ती आपल्या महाराष्ट्रात. तिच्याकडे आपणांस पुढे यावयाचेच आहे.

वाचकांच्या लक्षात आले असेल की क्लिफ्टनचा सामना जून महिन्यातला आहे. क्रिकेट हा इंग्रजांचा उन्हाळी खेळ. त्यांचा हिवाळा फुटबॉल व रग्बी यांचा. हा खेळ हिंदुस्थानात आला आणि त्याचा ऋतूच उलटला. येथे जूनमध्ये मैदान पाण्याखाली, मे महिन्यात आकाश आग ओकणारे. तेव्हा क्रिकेटास हिवाळ्याचा आश्रय करावा लागला. मुंबईने तर पुढे भर पावसात खेळावयाची कांगा लीग १९४८ साली सुरू करून हट्टाची परिसीमा केली, पण तो अपवाद. सामान्यतः नाताळच्या आगेमागे हातात बॅट घेणे हाच आपला रिवाज. परका खेळ असा आपल्या ऋतुचक्रात बसला, तेव्हाच तो निम्मा देशी झाला असे आम्हांस वाटते.

आता कॅथलिक शाळांकडे वळू. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती मिशनचे जे काम झाले ते मुख्यतः अमेरिकन फ्री मेथडिस्ट मिशनचे. विदर्भात कॅथलिक शाळांची जुनी परंपरा पाहावयाची तर नागपूरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेकडे जावे लागते. वऱ्हाडासाठी अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो पुष्कळ उशिरा, १९५५ साली. परंतु शाळाशाळांच्या सामन्यांचा सलग इतिहास हवा असेल तर मुंबईस गेल्यावाचून गत्यंतर नाही. तेथे धोबीतलावानजीक जेझुइटांनी १८६९ साली सेंट झेवियर संस्थेचा पाया घातला. मुंबईच्या या मिशनमधील पाद्री पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतांशी जर्मन प्रांताचे होते. क्रिकेट हा काही त्यांच्या मायदेशाचा खेळ नव्हे. परंतु ज्या शहरात ते शाळा चालवीत होते, त्या शहरातील मुलांस खेळाचे वेड लागले होते. आणि चढाओढीचा उपयोग कसा करावा हे ज्ञान तर त्यांच्या संघाजवळ तीनशे वर्षांचे होते.

मुंबईच्या शाळांत हॅरिस शील्डचे सामने सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचे नाव या ढालीस दिलेले आहे. हॅरिससाहेबांच्या राज्यकारभाराविषयी बरे बोलणारे त्या काळी फार नव्हते, परंतु त्यांच्या नावाची ढाल मात्र त्यांच्यामागे शतकाहून अधिक काळ मुलांनी प्राणपणाने लढविली. तिच्या पाठोपाठ धाकट्या मुलांसाठी जाइल्स शील्ड आले. दरसाल पावसाळा सरला की आझाद मैदान, क्रॉस मैदान या ठिकाणी शाळाशाळांची मुले पांढरे कपडे घालून उतरू लागली.

याच शहरात, याच हिवाळ्यात, मोठ्या माणसांचे सामनेही होत. पण ते कोणत्या तत्त्वावर? युरोपियन विरुद्ध पारशी हा सामना आधीचा. १९०७ साली त्यात हिंदू आले, १९१२ साली मुसलमान आले, आणि १९३७ साली उरलेल्या सर्वांचा मिळून एक पाचवा संघ करण्यात आला, ज्यास नावही ‘उरलेले’ याच अर्थाचे दिले गेले! माणूस खेळतो कसा याच्या आधी तो प्रार्थना कोठे करतो, याची चौकशी. त्यातही आणखी पोटभेद. पळवणकर बाळू यांच्यासारखा अप्रतिम गोलंदाज हिंदूंच्या बाजूने बळी घेई. पण चर्मकार जातीचा म्हणून पुण्याच्या मैदानावर त्यास चहा मिळे तो बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा नायक झाला, तेव्हा कोठे त्या चहाचे थोडेसे प्रायश्चित्त घडले.

‘उरलेल्यां’च्या संघाची एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. सांगलीचे विजय हजारे हे मराठी ख्रिस्ती. म्हणून ते या पाचव्या संघात. १९४३ सालच्या डिसेंबरात हिंदू संघाने पाच गडी बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. उत्तरादाखल ‘उरलेले’ १३३ धावांत कोलमडले. दुसऱ्या डावात त्यांच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी एकट्या हजाऱ्यांच्या ३०९! त्यांचे बंधू विवेक यांनी २१ धावा काढून दुसरी बाजू सांभाळली व दोघा भावांनी मिळून तीनशे धावांची भर घातली. सामना गेला तो गेलाच, एक डाव व ६१ धावांनी. परंतु आज तो सामना कोणी आठवितो तर पराभूत पक्षाच्या त्या डावासाठीच.

या धर्मवार सामन्यांस विरोध होऊ लागला होता. १९४० सालच्या डिसेंबरात, आमच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात मुक्कामास असलेल्या गांधीजींनी खेळात जातिधर्माचे तट नसावेत असे स्पष्ट मत दिले. पुढे १९४६ साली हे सामने कायमचे बंद पडले. हा सारा वाद थोरामोठ्यांचा. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून, हाकेच्या अंतरावर, शाळकरी मुले त्याचे उत्तर दरसाल मैदानात लिहीत होती. शाळा स्थापणारे कोणत्या ना कोणत्या समाजाचे होते हे खरे. कोणती शाळा पाद्र्यांची, कोणती पारशी गृहस्थाची, तर १८७४ साली स्थापन झालेली अंजुमन-इ-इस्लाम मुसलमानांची. तरीही शाळेच्या दरवाजातून आत येणारी मुले एकाच समाजाची राहिली नाहीत, आणि संघ निवडताना विचारावयाचे ते एवढेच, की मुलगा आपल्या शाळेचा आहे ना व त्याला चेंडू अडविता येतो ना. एका ख्रिस्ती संताच्या नावाने हिंदू, पारशी, मुसलमान व गोवेकर मुले एकत्र क्षेत्ररक्षण करीत, आणि त्यांतील एकाने झेल सोडला तर सर्वांच्या तोंडून निघणारा सुस्कारा एकच असे. १९४९ साली जन्मलेले सुनील गावसकर हे याच सेंट झेवियर शाळेचे विद्यार्थी. कसोटीच्या मैदानावर पुढे जगाने ज्यांस मानले, त्या या मराठी फलंदाजाने आपली पहिली निष्ठा जेझुइटांच्या शाळेस वाहिली, आणि त्यात कोणासच काही विपरीत दिसले नाही. शाळेच्या अभिमानाचे खरे ऐतिहासिक कार्य आमच्या मते हेच होय. जन्माने न मिळालेले, तरीही रक्ताइतके जवळचे वाटणारे असे एक नाव त्याने मुलांस दिले.

या नावाची परीक्षा कोठे होते? विजयाच्या मिरवणुकीत ती होत नाही. तेथे सर्वच अभिमानी असतात. सेंट झेवियरच्या मुलांची ती परीक्षा १९८८ सालच्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर झाली. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, प्रतिपक्षी दादरची शारदाश्रम शाळा. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले, येथवर झेवियरच्या मुलांस आपण सुस्थितीत आहोत असे वाटले असेल. मग सोळा वर्षांचा विनोद कांबळी आणि पंधराही पूर्ण न झालेला सचिन तेंडुलकर एकत्र आले. आणि त्यानंतर झेवियरला एकही गडी बाद करता आला नाही. ६६४ धावांची भागी झाली. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, शारदाश्रम दोन बाद ७४८. पुढे झेवियरचा डाव १४५ धावांत आटोपला, त्यातही कांबळीनेच ३७ धावांत सहा बळी घेतले.

ही गोष्ट हजारदा सांगितली गेली आहे, पण नेहमी बॅटीच्या बाजूने. ती चेंडूच्या बाजूने सांगून पाहावी. झेवियरकडून साईराज बहुतुले नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा गोलंदाजी करीत होता. त्याने २७ षटके टाकली, १८२ धावा दिल्या, आणि त्यास एकही बळी मिळाला नाही. सत्तावीस षटके म्हणजे एकशेबासष्ट चेंडू. प्रत्येक चेंडूगणिक तो मागे चालत गेला असेल, वळला असेल, आणि आता तरी काही होईल या आशेने धावत आला असेल. सीमेवरून चेंडू आणून आणून त्याच्या सोबत्यांचे पाय भरून आले असतील. तरी कोणी मैदान सोडले नाही. याच बहुतुल्यांनी पुढे मुंबईच्या संघात मानाचे स्थान मिळविले व २००१ साली हिंदुस्थानतर्फे दोन कसोटी सामने खेळले. त्या दिवसांतील सहनशक्तीने त्यांस घडविले असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तिने त्यांस मोडले मात्र नाही, हे खास.

या सामन्याची दुसरीही एक बाजू आहे. शारदाश्रमचे गुरू रमाकांत आचरेकर हे त्या वेळी मैदानावर नव्हते. डाव घोषित करण्याचा निरोप सहाय्यकाकडून येत होता आणि ही दोन मुले मुद्दाम तिकडे पाहातच नव्हती, ही हकीकत त्यांनीच पुढे हसत हसत अनेकदा सांगितली आहे. अखेर दूरध्वनीवरून गुरूंची आज्ञा आली. कांबळीस साडेतीनशेला एकच धाव हवी होती. तेवढी एक धाव तरी घेऊ द्यावी ही विनंतीही गुरूंनी मान्य केली नाही. आम्हांस वाटते, त्या ६६४ धावांहून ही न घेतलेली एक धाव अधिक मोलाची आहे. हरणाऱ्याने मैदानात उभे राहावे, आणि जिंकणाऱ्याने थांबावे कोठे हे ओळखावे. शाळेच्या अभिमानाच्या कसोट्या या दोनच.

आचरेकरांचे नाव आले म्हणजे इतिहासाचे एक चक्र पुरे झालेले दिसते. तेंडुलकर आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होते. आचरेकरांच्या सल्ल्याने, क्रिकेटासाठी, ते शारदाश्रमात आले. म्हणजे मुलाने शाळा निवडली ती गुरूसाठी. आखाड्यातील वस्ताद व पठ्ठा यांचेच हे नाते. फक्त लाल मातीच्या जागी हिरवळ आली. यात दोष काढावा असे आम्हांस वाटत नाही, कारण गुरूही तसाच तोलामोलाचा होता. परंतु पुढील काळात खेळाडू मुले निवडून आणून संघ उभारण्याची प्रथा वाढली, तसतशी शाळाशाळांतील तफावतही वाढत गेली, हे दृष्टिआड करून चालणार नाही. २०१३ सालच्या नोव्हेंबरात हॅरिस शील्डमध्ये बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी असिसी या कॅथलिक शाळेचा डाव ९२ धावांत संपला, आणि तिच्याविरुद्ध रिझवी स्प्रिंगफील्डच्या पृथ्वी शॉ याने एकट्याने ५४६ धावा केल्या. त्याच्या संघाच्या झाल्या ९९१. त्यानंतर २०१६ सालच्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडे याने शाळकरी सामन्यात नाबाद १००९ धावा काढून कॉलिन्सचा ११६ वर्षांचा विक्रम मोडला. त्याच्या शाळेच्या तीन बाद १४६५ धावा झाल्या. समोरच्या शाळेचे दोन डाव संपले ते ३१ आणि ५२ धावांत.

या विक्रमवीर मुलांचे कौतुक करू नये असे कोण म्हणेल? त्यांच्या हातात बॅट होती, त्यांनी ती चालविली. आमचा प्रश्न त्यांच्या वडीलधाऱ्यांस आहे. ३१ धावांत बाद होणाऱ्या मुलांसमोर १४६५ धावा उभारल्याने कोणत्या शाळेस काय मिळाले? जेझुइटांनी वर्गाचे दोन तट पाडले तेव्हा ते तोलाचे असावेत अशी काळजी घेतली होती. कारण तोल गेला की चढाओढ संपते व नुसता तमाशा उरतो. ज्या दिवशी कोणी गुरू दूरध्वनी उचलून ‘आता पुरे’ असे सांगणार नाही, त्या दिवशी सामन्यात शाळा उरणार नाही, फक्त आकडे उरतील.

कोणी असेही म्हणेल की, हा सारा अभिमान मुलांच्या शाळांचा. मुलींनी त्या काळी काय करावयाचे होते? हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. ढाली, करंडक, मैदाने ही सर्व पिढ्यानपिढ्या मुलग्यांच्याच नावे राहिली. बहिणींनी घरी राहून भावाचे पांढरे कपडे धुवावे एवढाच त्यांचा वाटा. शाळेच्या नावाने जातिधर्माचे कुंपण ओलांडले खरे, पण हे दुसरे कुंपण ओलांडावयास त्याला फारच वेळ लागला. इतिहास लिहिताना जमेबरोबर ही बाकीही लिहिली पाहिजे.

आता पुन्हा यवतमाळकडे. आमच्या जिल्ह्यातील शाळांस आझाद मैदान नाही, शतकभराची ढाल नाही. विक्रम तर नाहीतच. पण काळी जमीन दरसाल दिवाळीनंतर वाळून घट्ट होते, फक्कीने रेघा मारल्या जातात, आणि कोणत्या तरी तालुक्याच्या मैदानावर सात मुले दुसऱ्या सात मुलांकडून हरतात. त्यांपैकी कोणी पाटलाचा असतो, कोणी मजुराचा, कोणी तांड्यावरून आलेला, कोणी मशिदीच्या गल्लीतला. त्या तासाभरापुरते त्यांस एकच आडनाव असते, शाळेचे. ते आडनाव हरल्यावरही टाकून द्यावयाचे नसते, हे त्यांस कोणी तरी शिकवावे लागते.

आमच्या मास्तरांनी ते आम्हांस चहाच्या किटलीने शिकविले. ज्या देशात एका थोर गोलंदाजास त्याच्याच पक्षाने वेगळ्या भांड्यात चहा दिला, त्या देशात जिंकून आलेल्या परक्या मुलांस हरलेल्या मुलांनी आपल्या हाताने, एकाच किटलीतून, एकसारख्या कपांत चहा ओतावा, हा धडा लहान नव्हता. आम्ही तो रागाने गिरविला. पाहुण्यांच्या नायकाने चहा घेताना मान वर केली नाही. त्यासही संकोच वाटत असावा. चिवडा संपल्यावर मात्र त्याने रिकाम्या ताटल्या गोळा करावयास आम्हांस हात लावला. पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्या गावी गेलो, पुन्हा हरलो, आणि चहा या वेळी त्यांनी वाढला.